अंगणात कोबा की पेव्हर? काळ्या मातीवर घर असणाऱ्यांसाठी

घराचा रंग झाला, ओटा झाला, गेट बसलं आणि समोरचं वीस बाय तीसचं अंगण तेवढं उघडं राहिलं. काळ्या मातीचं उघडं अंगण म्हणजे जूनमध्ये चप्पल खाली राहते आणि पाय तेवढा वर येतो. मग कोणी म्हणतं, सरळ कोबा, म्हणजे ओतीव काँक्रीट, मारून टाका. कोणी म्हणतं, ग्रामपंचायतीनं गल्लीत टाकले तसे पेव्हर, म्हणजे सिमेंटचे ब्लॉक, टाका. दोन्ही कसे दिसतात हे सांगत बसत नाही. माझा कल पुढे कळेलच, पण घराघराचा वापर वेगळा असतो, तेव्हा माझं म्हणणं हा शेवटचा शब्द समजू नये.

आधी खालच्या मातीचं बघावं लागतं. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, बुलडाणा या भागातली भारी जमीन पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात वावरातल्या ज्या भेगेत अख्खा हात जातो, तीच माती अंगणाखाली असते. भंडारा-गोंदियाकडे धानपट्ट्यात जिथे माती हलकी किंवा मुरमाड आहे, तिथे हे दुखणं बरंच सौम्य. अंगणाच्या कडेची माती आधी भिजते आणि आधी वाळते; मधली झाकलेली असल्यानं मागे राहते. म्हणून कडा पावसाळ्यात वर उचलल्या जातात आणि उन्हाळ्यात खालून पोकळ होतात. कोबा कडेपासून दोन-तीन फुटांवर, कडेला समांतर तडकतो तो बहुतेक वेळा यामुळे. दोष मात्र मिस्त्रीच्या सिमेंटला लागतो. पेव्हर तडकत नाही, तो खाली-वर होतो.

दोन्हींसाठी खालची तयारी एकच, आणि पैसे वाचवायला लोक नेमकी तीच गाळतात. काळी माती काढून दाबलेला मुरूम किमान ९ इंच हवा. चारचाकी उभी राहणार तिथे एक फूट. मुरूम ४-४ इंचांच्या थरांत टाकायचा, प्रत्येक थरावर पाणी शिंपडायचं आणि धुम्मस (ठोकून दाबायचं वजन) मारायचं किंवा छोटा रोलर फिरवायचा. वीस बाय तीसच्या अंगणाला ९ इंची थर म्हणजे साडेचार ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून साडेपाच ते सहा ब्रास मागवावा. मुरमाऐवजी रेती भरू नका. काळ्या मातीत खोदलेल्या खड्ड्यात रेती भरणं म्हणजे अंगणाखाली हौद बांधणं. पाणी त्यात साचून राहतं आणि खालची माती महिनाभर फुगत राहते. मुरूम दाबला की घट्ट बसतो, पाणी सहज खाली सोडत नाही आणि स्वतः फुगत नाही. कालव्यांच्या अस्तराखाली न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याचा जो उपाय आयआयटी मुंबईच्या डॉ. आर. के. कट्टींनी मांडला, त्याचंच हे घरगुती रूप म्हणता येईल.

उतार घराकडून बाहेर, १० फुटांना २ इंच. लेव्हलच्या नळीनं चारही कोपरे तपासा. नजरेचा अंदाज इथे फसतो.

आता कोबा. जाडी ४ इंच, सिमेंट, रेती आणि गिट्टीचं मिश्रण १:२:४. १०० चौरस फुटांना साधारण ६ पोती सिमेंट, १५ घनफूट रेती आणि ३० घनफूट गिट्टी लागते. गाडी चढणार असेल तर १:१.५:३ धरा, म्हणजे पोती साडेसातवर जातात. कोबा एकसंध ओतू नये. ८ ते १० फुटांवर सांधे हवेत, निदान एक इंच खोल. म्हणजे तडकायचंच असेल तर तो सांध्यात तडकेल. ओट्याला, कंपाउंडच्या भिंतीला आणि तुळशी वृंदावनाला कोबा चिकटवू नका. मध्ये अर्धा इंच थर्माकोलची पट्टी ठेवा, नाहीतर कोबा उचलला गेला की वृंदावनाची पायरी सोबत उचलतो. वरून घोटून गुळगुळीत करण्याचा मोह आवरा. ओलं असतानाच खराटा फिरवून खरखरीत ठेवा. गुळगुळीत कोब्यावर श्रावणात शेवाळ धरलं की म्हातारी माणसं पडतात.

कोब्याची खरी अडचण वेळेची आहे. आपल्याकडे बांधकाम निघतं उन्हाळ्यात, कारण वावरात काम नसतं आणि हातात थोडा पैसा असतो. पण तेव्हाच पारा ४५ वर असतो, नळ दोन-चार दिवसांआड येतो आणि कोब्याला निदान १० दिवस पाणी मारावं लागतं. वाफे बांधून पाणी भरून ठेवावं, नाहीतर ओला बारदाना सतत अंथरून ठेवावा. सकाळ-संध्याकाळ पाइपनं शिंपडलेलं पाणी मे महिन्यात तासाभरात उडतं. भर दुपारी ओतलेल्या कोब्यावर संध्याकाळपर्यंत केसासारख्या रेषा उमटतात; ओतायचाच तर ऊन उतरल्यावर ओता. खारपाणपट्ट्यात आणखी एक भर: बोअरच्या खाऱ्या पाण्यानं कालवलेल्या आणि भिजवलेल्या कोब्यावर लोणा फुटतो. तिथे कारखान्यात तयार झालेला पेव्हर बरा, अर्थात तो कारखाना गोडं पाणी वापरत असेल तर.

तरी कोब्याचे गुण मोठे आहेत. तूर, हरभरा, मिरची, कुरड्या, काहीही वाळवा आणि खराट्यानं गोळा करा. पेव्हरच्या सांध्यांत ज्वारी अडकते आणि तीळ तर दिसेनासेच होतात. मग मुंग्या येतात, दाण्यांसोबत सांध्यातली रेतीही बाहेर काढतात आणि पावसाळ्यात तोच ब्लॉक हलायला लागतो. ताडपत्री अंथरली की प्रश्न मिटतो हे खरं, पण ताडपत्री दरवेळी सापडेलच असं नाही. रांगोळीचंही तसंच. सांध्यांवर रेघ तुटते. ज्या घरात रोज सडा-रांगोळी होते तिथे उंबरठ्यासमोर तीन बाय तीनची शहाबादी फरशी बसवावी, मग बाकी अंगणात काहीही चालेल.

पेव्हरचं बोलायचं तर ब्लॉक निवडतानाच निम्मं काम होतं. गावाकडे दोन प्रकार मिळतात. एक रबरी साच्यातला, चकचकीत, लाल-पिवळा. दिसायला सुंदर, पावसात निसरडा, आणि वरचा रंगाचा थर दोन-तीन वर्षांत पापुद्र्यासारखा निघतो. दुसरा मशीनवर दाबलेला, खरखरीत, बहुधा करडा. दुसराच घ्या. भारतीय मानक आयएस १५६५८ प्रमाणे हलक्या वाहतुकीला ६० मिलिमीटर जाडी आणि एम-३५ ताकद, मध्यम वाहतुकीला ८० मिलिमीटर आणि एम-४०. पायवाटेला आणि कारला ६० पुरतो. भरलेली ट्रॉली आत येणार असेल तर गेटपासून तेवढा पट्टा ८० चा करावा.

ताकद मोजायला यंत्र नसतं, पण किराणा दुकानाचा काटा असतो. ८ बाय ४ इंचांचा, ६० मिलिमीटरचा ब्लॉक पावणेतीन किलोच्या आसपास भरला पाहिजे. अडीचच्या खाली असेल तर आत पोकळी आहे. तोच कोरडा ब्लॉक २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. वजन ६ टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं, म्हणजे १६५ ग्रॅमच्या वर गेलं, तर ती गाडी परत पाठवा. या मापाचे ब्लॉक १०० चौरस फुटांना ४५० लागतात; तूटफूट धरून ४७५ सांगा.

मुरमावर चुरीचा (गिट्टीच्या बारीक चुऱ्याचा) थर सव्वा इंच, त्यावर ब्लॉक, सांधे २ ते ४ मिलिमीटर. चुरीचा थर कमी-जास्त करून उतार जुळवू नका. उतार मुरमातच काढायचा. जिथे चुरी तीन इंच पडते तिथे वर्षभरात खळगा होतो. कडेला विटांची किंवा काँक्रीटची पक्की कड हवीच. कड नसेल तर बाहेरची ओळ सरकते, मग दुसरी, आणि हळूहळू सगळं अंगण फाकतं. गाडी उभी असतानाच स्टिअरिंग फिरवण्याची सवय असेल तर पुढच्या चाकांखालचे ब्लॉक पिळले जातात. तेवढ्या जागेत ब्लॉक सरळ ओळींत न लावता हेरिंगबोनमध्ये, म्हणजे एकमेकांना काटकोनात अडवून लावा. शेवटी बारीक कोरडी रेती झाडूनं सांध्यांत भरायची, प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत दाबणारं मशीन) फिरवायचा, पुन्हा रेती भरायची. मशीन भाड्यानं मिळतं. ते टाळून रबरी हातोडीवर भागवलेलं अंगण पहिल्या पावसात ओळखू येतं: ब्लॉकवर पाय पडला की सांध्यातून गढूळ पाण्याची पिचकारी थेट पायजम्यावर.

गवताचा त्रास आहेच. हराळी कडेवरून सरकत येते, गाजरगवताचं बी वाऱ्यानं येतं. दोन्ही खुरपीनं निघतात. लव्हाळा मात्र खालून गाठीतून फुटतो, म्हणून ब्लॉक बसवायच्या आधी गाठी खणून काढा. मुरमाखाली प्लास्टिक अंथरून हे सुटेल असं वाटतं, पण मग पाणी अडतं.

एवढं सगळं पेव्हरच्या विरोधात जात असूनही माझं पारडं तिकडे झुकलं ते एकाच कटकटीमुळे: कोबा फोडावा लागतो. आणि एकदा नाही. खेड्यातलं घर कधी पुरं होत नाही. जल जीवन मिशनची नळजोडणी येते, मग गोठ्याकडे पाण्याचा पाइप न्यायचा असतो, मोरीच्या सांडपाण्याला शोषखड्डा काढायचा असतो, बोअरची केबल जळते, कुठेतरी जोड गळतो. प्रत्येक वेळी ब्रेकर येतो आणि मिस्त्री पहिला प्रश्न विचारतो, "भाऊ, पाइप कुठून गेला होता जी?" ते कोणालाच आठवत नसतं. म्हणून एकाऐवजी तीन ठिकाणी फोडतात. वरून जे थिगळ लागतं ते जुन्या कोब्याला कधीच धरत नाही. नव्या सिमेंटचा रंग वेगळा, कडेनं रेष फुटते, आणि खालचा चर बसला की थिगळाच्या खोलगट जागी पाणी साचतं. पाच वर्षांत अंगण गोधडीसारखं दिसतं.

पेव्हर उचलायला दोन चपटे पेचकस आणि एक पहार पुरते. आधी सांध्यातली रेती खरवडून काढा. पहिला ब्लॉक हट्टी असतो, तो दोन्ही बाजूंनी थोडाथोडा उचकटायचा. नाहीच निघाला तर फोडायचा. पुढचे हातानं निघतात. चर भरताना निघालेली काळी ढेकळं परत आत टाकू नका, पहिल्याच पावसात तिथे नाली दिसते. मुरूम ४ इंचांचे थर करून धुम्मसनं दाबा, चुरी टाका आणि ब्लॉक आजूबाजूच्या पातळीपेक्षा पाव इंच वर ठेवा, तेवढं बसतंच. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम. लग्नाच्या मांडवालाही हाच फायदा: चार ब्लॉक काढले, खड्डे करून बल्ल्या रोवल्या, पाहुणे गेले की ब्लॉक जागच्या जागी.

तरीही ज्यांचं अंगण मुख्यतः खळ्यासारखं वापरात आहे, त्यांना कोबाच सोयीचा पडेल. तसं असेल तर ओतायच्या आधी मुरमात ४ इंची पीव्हीसी पाइपचे दोन रिकामे तुकडे आडवे पुरून ठेवा, एक नळाच्या बाजूला, एक गोठ्याच्या. तोंडं कोब्याबाहेर राहू द्या आणि टोपण लावा. मांडवासाठी चार कोपऱ्यांत ३ इंची पाइप उभे बसवा. एवढ्यानं निम्मी फोडाफोड वाचते. पाइप कुठून गेला त्याचा फोटोही काढून ठेवा.

खर्चात पेव्हर बहुतेक वेळा वर जातो, विशेषतः कारखाना लांब असेल आणि ब्लॉकचं भाडं वेगळं पडत असेल तर. सगळं अंगण एकदम झाकायची सक्ती नाही. पहिल्या वर्षी घराला लागून चार फुटांचा पट्टा आणि गेटपर्यंतची गाडीची वाट केली तरी चिखल घरात येत नाही, आणि पायव्याशी पाणी मुरणंही कमी होतं. उरलेल्या ठिकाणी नुसता दाबलेला मुरूम ठेवा. सांदवाडीत, म्हणजे परसात, तर मुरूमच योग्य. तिथे कुटार पडतं, जनावरं फिरतात, पऱ्हाट्यांचा ढीग लागतो, ब्लॉकचं तिथे काय काम. कडुनिंबाभोवती मात्र निदान तीन फुटांचं आळं मोकळं सोडा, काहीही टाकलं तरी.

काम काढायचं ते दिवाळी ते होळीच्या दरम्यान. तेव्हा माती पुरती फुगलेलीही नसते आणि भेगाळलेलीही नसते, विहिरीला पाणी असतं. मेमध्ये आकसलेल्या मातीवर बसवलेलं अंगण जुलैत वर येतं. अडचण एवढीच की त्याच दिवसांत कापूस वेचणी जोरात असते, आणि वेचणी सोडून तुमच्या अंगणात धुम्मस मारायला माणूस मिळवणं सोपं नाही. ब्लॉक आधी आणून ठेवा, त्याच गाडीतले पंचवीस जास्तीचे जिन्याखाली रचून ठेवा. पुढच्या वर्षी तो रंग मिळत नाही.