जीआरईचं गणित: ईटीएसच्या साहित्यावर काही महिने काढल्यावर

निष्कर्ष आधी सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. इंजिनीअरिंग किंवा सायन्स केलं असेल, तर जीआरईच्या (परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी देतात ती परीक्षा) क्वांटसाठी, म्हणजे गणिताच्या भागासाठी, क्लास लावायची गरज नाही. परीक्षा घेणाऱ्या ईटीएसचं साहित्य पुरेसं आहे. फक्त ते फार थोडं आहे, त्यामुळे पुरवून पुरवून वापरावं लागतं. नोकरी सांभाळून काही महिने मी तेच केलं आणि गुण मनासारखे आले. कॉमर्स-आर्ट्सवाल्यांना सुरुवातीला जास्त वेळ द्यावा लागेल, पण साहित्य त्यांच्यासाठीही हेच.

सुरुवात केली ती ईटीएसच्या साइटवर फुकट मिळणाऱ्या मॅथ रिव्ह्यू पीडीएफने. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि डेटा ॲनालिसिस असे चार भाग, प्रत्येकाच्या शेवटी उदाहरणं आणि उत्तरं. वाचायला अगदी रूक्ष, पण परीक्षेत काय येऊ शकतं याची हद्द त्यात आखून दिलेली आहे. त्रिकोणमिती नाही, कॅल्क्युलस नाही. एम-थ्रीच्या (इंजिनीअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर) आठवणीने घाबरणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. बहुतेक सगळं दहावीपर्यंतचं, वर अकरावीतलं परम्युटेशन-कॉम्बिनेशन, प्रोबॅबिलिटी आणि थोडं स्टॅटिस्टिक्स. आपल्याकडच्या मुलांना नवीन वाटतो तो शेवटचा भाग: क्वार्टाइल, बॉक्सप्लॉट, नॉर्मल डिस्ट्रिब्युशन. कॉलेजात आपण स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) सूत्रात घालून काढलेलं असतं. इथे सहसा आकडा काढायला लावत नाहीत, अंदाज मागतात. १०, २०, ३० आणि ११०, १२०, १३० या दोन याद्यांत कुणाचं जास्त? दोन्हींचं सारखंच, कारण आकड्यांमधलं अंतर तेच आहे. सूत्र लिहायला घेतलंत की वेळ गेला.

वेळेचं गणित असं. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आखूड झाली. क्वांटचे दोन सेक्शन, पहिल्यात १२ प्रश्न २१ मिनिटांत, दुसऱ्यात १५ प्रश्न २६ मिनिटांत. म्हणजे प्रश्नाला साधारण पावणेदोन मिनिटं. ईटीएसची छापील पुस्तकं जुन्या पद्धतीची, २० प्रश्नांना ३५ मिनिटं अशी आहेत म्हणून अनेक जण ती बाद ठरवतात. भागाकार करून बघा, तिथेही पावणेदोन मिनिटंच निघतात. सीनिअरकडची जुनी प्रत मिळाली तर बिनधास्त घ्या. क्वांटच्या सरावपुस्तकात दीडशेच प्रश्न आहेत. ते आठवड्याभरात उडवून टाकायचे नाहीत.

आता क्वांटिटेटिव्ह कम्पॅरिझन, कारण आपली मुलं अडतात ती इथे. डावीकडे एक राशी, उजवीकडे एक, आणि पर्याय चार: ए मोठी, बी मोठी, दोन्ही समान, किंवा दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही. उत्तर काढायचं नसतंच, फक्त तुलना करायची असते. एका बाजूला १७ चे ८३ टक्के, दुसऱ्या बाजूला ८३ चे १७ टक्के असं आलं तर कॅल्क्युलेटर उघडायचं कारण नाही, दोन्ही एकच. हे सगळ्यांना जमतं. फसगत होते ती पुढच्या टप्प्यावर. शून्य घालून बघा, अपूर्णांक घालून बघा, ऋण संख्या घालून बघा, हा मंत्र एकदा पाठ झाला की माणूस जिथे तिथे ‘सांगता येत नाही’ ठोकायला लागतो. माझ्या मैत्रिणीबरोबर यावर अख्खी संध्याकाळ वाद झाला. प्रश्न एवढाच होता: क्ष एकपेक्षा लहान आहे आणि शून्य नाही. ए म्हणजे क्षचा वर्ग, बी म्हणजे क्षचा घन. ती पाहताक्षणी म्हणाली, डी, म्हणजे चौथा पर्याय, सांगता येत नाही. क्ष अर्धा धरा: वर्ग पाव, घन एक अष्टमांश. क्ष उणे दोन धरा: वर्ग चार, घन उणे आठ. दोन्हीकडे वर्गच मोठा. आणि तो मोठा राहणारच, कारण दोघांतला फरक म्हणजे वर्ग गुणिले (१ − क्ष), आणि हे दोन्ही इथे धनच आहेत. उत्तर ए. ‘अगं पण अपूर्णांक घातला की उलटतं ना!’ हे ती तरीही म्हणत राहिली. एकपेक्षा मोठ्या संख्येशी तुलना केली तर उलटतं, आणि इथे ती संख्या येऊच शकत नाही. संख्या घालून बघण्याआधी अट वाचायची, ही सवय लागायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मध्यंतरी एका ॲपचं सबस्क्रिप्शनही घेतलं होतं, नाव लिहीत नाही. प्रश्न ढिगाने, पण निम्मे नुसते आकडेमोडीचे. स्पष्टीकरणात पानभर बीजगणित, जे काम एक आकृती काढून दोन ओळींत झालं असतं. ईटीएसच्या खऱ्या प्रश्नाला जवळजवळ नेहमीच छोटी वाट असते. ती शोधायचा सराव अशा प्रश्नांवर होत नाही, उलट हात आकडेमोडीला सोकावतो. पैसे वाया गेले असं म्हणणार नाही, ऑफिसच्या बसमध्ये टक्केवारी आणि गुणोत्तरं घोटून झाली. पण दुसऱ्यांदा घेणार नाही.

स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरबद्दल: आठ अंकी, वर्गमूळाचं बटण, मेमरी. तो गुणाकार आधी करतो. १ + २ × ३ दाबलं तर ७ देतो, दुकानातला साधा कॅल्क्युलेटर ९ देतो. सरावात मोबाइलचा किंवा टेबलावरचा वापरू नका, म्हणजे ऐनवेळी गोंधळ नको. मी तो फक्त आलेखांच्या प्रश्नांना उघडायचे. त्या प्रश्नांत आकडे मिलियनमध्ये असतात आणि आपला हात लगेच लाख-कोटींकडे जातो. करू नका. उत्तर बहुतेकदा टक्क्यांत किंवा गुणोत्तरात असतं, एकक तसंच ठेवलं तरी चालतं.

आणखी एक बारीकशी गोष्ट: पर्यायांपुढे गोल असेल तर एकच उत्तर, चौकोन असेल तर एक किंवा जास्त. चौकोनवाल्यात अर्धे गुण नाहीत, सगळे बरोबर तरच. निगेटिव्ह मार्किंग मात्र अजिबात नाही. माझा चुलतभाऊ कॅट (एमबीएची प्रवेश परीक्षा) देणारा, तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून प्रश्न सोडून द्यायची त्याची सवय इथे तोट्याची ठरते. खूण करून पुढे जा, त्याच सेक्शनमध्ये परत येता येतं, पण कोरं काही ठेवायचं नाही.

पॉवरप्रेप या ईटीएसच्या मॉक टेस्ट. दोन फुकट आहेत, पुढच्या विकत. स्क्रीन हुबेहूब खऱ्या परीक्षेसारखी. पहिला सेक्शन जसा जाईल त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, हे अनुभवायला दुसरी जागा नाही. म्हणून पहिली टेस्ट पायाभरणी झाल्यावर आणि दुसरी परीक्षेच्या आठवडाभर आधी द्या. उत्साहात पहिल्याच रविवारी दोन्ही देऊन मोकळं होणारे बरेच दिसतात. पुन्हा देता येते, पण प्रश्न तेच येतात, मग त्या गुणांना अर्थ उरत नाही.

गुणांबाबत एक अपेक्षाभंग आधीच पचवून ठेवा. क्वांटमध्ये १७० पैकी १७० मिळाले तरी पर्सेंटाइल ९९ होत नाही, कारण जगभरातून गणितात पक्के लोक ही परीक्षा देतात. एकेका गुणासाठी परत फी भरण्याआधी तुमच्या विद्यापीठाला जीआरई लागते का तेच बघा. २०२० नंतर अनेकांनी ती ऐच्छिक केली आहे.

घरून परीक्षा देणार असाल तर साध्या कागदावर कच्चं काम करता येत नाही, छोटा व्हाइटबोर्ड (किंवा पारदर्शक कव्हरात घातलेला एक कागद) आणि पुसता येणारा मार्कर लागतो. सेंटरवर कागद देतात, म्हणून मी सेंटर घेतलं. बोर्डावर देणाऱ्यांनी निदान शेवटचा महिना बोर्डावरच सराव करावा. मार्करचं अक्षर जाड येतं, भूमितीची एक आकृती काढली की अर्धी जागा संपते, आणि पुसायच्या नादात मघाशी काढलेला आकडाही जातो.