कार्ब उघडलेच नव्हते

इंग्लंडात हौशी लोक घरच्या गॅरेजात पाइप वेल्ड करून दोन सीटच्या उघड्या गाड्या बनवतात. कॉव्हेंट्रीत नोकरीला आल्यावर चौथ्या वर्षी मी तसली एक अर्धवट गाडी घेतली आणि दोन हिवाळे खपून पूर्ण केली. इंजिन यामाहा आर-वनचं, 2000 सालच्या बाइकचं: 998 सीसी, चार सिलिंडर, चार मिकुनी कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे भाग).

बाइकवर हे कार्ब बंद एअरबॉक्समधून हवा घेतात. माझ्या बॉनेटखाली तो डबा मावेना, म्हणून फोमचा फिल्टर लावला. सायलेन्सरही वेगळा. त्यात या कार्बमधली स्लाइड (हवेची वाट उघडणारी सरकती झडप) व्हॅक्यूमवर उचलली जाते, त्यामुळे एअरबॉक्स काढलेला त्यांना फारच झोंबतो. शिवाय पावणेदोनशे किलोच्या बाइकचं इंजिन आता पाचशे किलो ओढणार. व्हायचं तेच झालं. 6,000 आरपीएमच्या वर ओढ गायब, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की फटाके, प्लग काढले तर खडूसारखे पांढरे. मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. असंच ताणलं असतं तर एक दिवस पिस्टनला भोक.

कोल्हापुरात आमचे मेस्त्री बाबांच्या राजदूतचं कार्ब नुसत्या कानाने लावायचे. चार कार्बांना कान पुरत नाही. व्हॅक्यूम गेज लावून ते एकमेकांशी जुळवणं मी घरी केलं होतं, पण जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) बदलत बदलत रोलिंग रोडवर, म्हणजे गाडी जागेवरच रोलरांवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, बघायचं तर तसली सोय असलेला माणूस हवा. तासाभराच्या अंतरावर एक मिळाला. बोलायला गोड. मोटरसायकलच्या इंजिनांवर वीस वर्षं काम केलंय म्हणाला. चार मेन जेट, निडलची (जेटमध्ये वरखाली होणाऱ्या सुईची) उंची, रोलिंग रोड, सगळं मिळून 480 पाउंड. रोख दिले तर 420. मी रोख दिले.

इथेच माझा पाय खड्ड्यात गेला होता. इंग्लंडात क्रेडिट कार्डाने 100 पाउंडांच्या वरची खरेदी केली आणि काम फसलं तर कार्ड कंपनीकडेही दावा करता येतो; 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्यात तशी तरतूद आहे. साठ पाउंड वाचवताना ते हातचं घालवलं. वर पावतीवर नुसतं ‘ट्यूनिंग’.

रोलिंग रोडवर गाडी चढवताना मी जवळ थांबू का, असं विचारलं. “इन्शुरन्समध्ये बसत नाही,” म्हणाला. संध्याकाळी आलेखाचा कागद हातात देऊन वरच्या आकड्यावर बोट ठेवलं: 138 हॉर्सपॉवर. मी खूश. गाडीही पहिले दोन दिवस चटकदार वाटली. नंतर लक्षात आलं, आयडलिंग साधारण 1,100 वर असायचं ते 1,500 वर नेऊन ठेवलं होतं. एवढा एक स्क्रू फिरवला की पायाखाली गाडी उगाचच तरतरीत लागते. 6,000 च्या वर मात्र पहिले पाढे पंचावन्न.

महिन्याभराने कार्ब काढले आणि तिथेच बसलो. हिवाळ्यात जोडणी करताना फ्लोट बोलच्या (कार्बच्या तळाशी असलेल्या पेट्रोलच्या वाटीच्या) प्रत्येक स्क्रूवर मी बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, अर्धा स्क्रूवर, अर्धा बोलवर, सैल झाला तर कळावं म्हणून. सोळाच्या सोळा ठिपके अखंड. बोल उघडल्याशिवाय मेन जेटपर्यंत पोचताच येत नाही. तरी उघडून बघितले: आत तेच जेट, माझ्या वहीत लिहिलेल्याच नंबरांचे.

मग तो आलेख पुन्हा काढला. आडवा अक्ष 7,500 आरपीएमला संपत होता. आर-वनची पूर्ण ताकद 10,000 ला मिळते! तो कागद कुठल्या तरी कारच्या इंजिनाचा होता. मी इंजिनियर, पोटापाण्याचा धंदाच आलेख वाचण्याचा, आणि घडी घालून खिशात टाकून आलो होतो. त्यावर हवा-पेट्रोल प्रमाणाची रेघही नव्हती. ती नसेल तर कार्ब कशाच्या आधारावर लावले, हा प्रश्न तिथल्या तिथे विचारायला हवा होता.

फोन केला. “तूच परत जुने जेट टाकले असशील.” फोटो पाठवले, उत्तर नाही. छोट्या दाव्यांच्या कोर्टात जाता आलं असतं, पण त्या एका शब्दाच्या पावतीवर काय सिद्ध करणार? पैसे बुडाले ते बुडाले.

दुसऱ्या माणसाकडे गेलो तेव्हा कार्डाने पैसे दिले आणि पावतीवर प्रत्येक जेटचा नंबर लिहून घेतला. त्याने मला स्क्रीनच्या शेजारी खुर्ची दिली. एक्झॉस्टमध्ये लॅम्डा प्रोब (धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) घातला. फुल थ्रॉटलला एका भाग पेट्रोलमागे हवेचं प्रमाण 13 च्या आसपास हवं, तिथे पहिल्या रनला 14.6 दिसलं. त्याने लगेच पेडलवरून पाय उचलला आणि पुढचा रन घ्यायला साफ नकार दिला. मेन जेट दोन नंबर मोठे लागले, निडलखाली वॉशर टाकावे लागले, दुपारभरात पाच वेळा बोल उघडले. निघताना जुने चार जेट छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याने माझ्या हातात ठेवले. मी मागितले नव्हते.