विश्रामबागची काकूंची मेस : खाडा प्रामाणिकपणे धरणारी जागा

सांगलीत शिकायला येणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितेय, कारण रूम शोधायला सगळे मदत करतात पण मेसचं कुणी नीट सांगत नाही आणि महिन्याचं बजेट खरं तिथंच बसतं किंवा कोलमडतं. विश्रामबाग चौकातून आत गल्लीत एक घरगुती मेस आहे, बोर्डबिर्ड काही नाही, सगळे काकूंची मेस म्हणूनच ओळखतात. दोन वेळचे महिन्याला २८०० रुपये, रविवारी रात्री बंद.

जेवण आधी सांगते. दुपारी चपाती, रात्री चपाती किंवा ज्वारीची भाकरी जे पाहिजे ते, आणि भाकरी गरम असते, तव्यावरनं थेट ताटात. मी जत तालुक्यातली, त्यामुळं भाकरीच्या बाबतीत मला सहजासहजी काही पटत नाही, पण इथली पटली. कृष्णाकाठच्या वांग्याचं भरलं वांगं असलं की त्या दिवशी सगळे लवकर येऊन बसतात. आमटीला चव आहे, पाण्यासारखी नसते, खरडा मागितला की मिळतो आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत. गुरुवारी पिठलं, भात आणि मठ्ठा असतो, तो दिवस चुकवू नका. भात मात्र बऱ्याचदा जास्त शिजलेला असतो, दुधीची भाजी बुधवारी ठरलेली आणि ती खरंच बेचव आहे, काकूंना सांगून झालंय. रात्री सव्वानऊच्या पुढं गेलात तर भाजी संपलेली असू शकते.

आता खाड्याचं, म्हणजे न जेवलेल्या वेळेचे पैसे वजा होण्याचं. बाहेर बऱ्याच ठिकाणी सलग तीन-चार दिवस गेला नाहीत तरच खाडा धरतात, एका मेसमध्ये तर गावी जाऊन आले तरी महिनाअखेरीला वहीत नोंदच नाही म्हणून सांगितलं होतं मला. इथं आदल्या रात्री सांगितलं की एका वेळेचा पण खाडा धरतात, वेळेला ४० रुपये, आणि वही टेबलावरच असते, आपण आपल्या हातानं लिहायचं. पुढच्या महिन्याच्या पैशातनं ते वजा होतात, मागावं लागत नाही. ही एक गोष्ट सांगलीत मोकळं फिरायला किती उपयोगी पडते ते ज्याचं बजेट घट्ट आहे त्यालाच कळेल, कारण बाहेर खायचं म्हटलं की एरवी डोक्यात हेच असतं की मेसचं जेवण वाया चाललंय.

आमचा गट आता प्लॅनच खाड्यावर करतो. भावे नाट्यमंदिरात नाटक लागलं की बाल्कनीचं तिकीट काढायचं, रात्रीचा खाडा टाकायचा आणि बाहेर भडंग खायची. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीतास्वयंवर हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक केलं तिथं राहून वर्षभरात एकही नाटक बघायचं नाही हे मला तरी पटत नाही. मिरजेला तर पैसेच लागत नाहीत, दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते आणि नवरात्रात अंबाबाईच्या देवळात मोठे कलाकार येतात, दोन्हीकडं कुणीही जाऊन बसावं, तिकीट नाही. मी शास्त्रीय संगीत तिथंच पहिल्यांदा समोर बसून ऐकलं आणि आता मला त्याची खरंच ओढ लागलीय. दुपारी लवकर गेलात तर सतारमेकर गल्लीत भोपळ्याचा तंबोरा कसा होतो ते पण बघता येतं, फक्त कारागिरांच्या कामात मध्ये मध्ये करू नका. सायकल असेल तर हरिपूरला जा, कृष्णा आणि वारणेचा संगम आहे, संगमेश्वराचं देऊळ आहे, चहाचे पैसे सोडले तर खर्च शून्य. आयर्विन पुलाकडं संध्याकाळी जायचं, गणपतीचं देऊळ जवळच.

परीक्षेच्या वेळी काकू डबा देतात, डबा आपला पाहिजे आणि धुऊन आणायचा. आजारी असलं तर मऊ भात आणि मुगाचं वरण सांगून करून घेता येतं, मला तापात त्याचा फार आधार झाला. मुलींना बसायला आतली खोली वेगळी आहे आणि रात्री उशीर झाला तर काका चौकापर्यंत सोबत येतात, घरच्यांना हे सांगितल्यावर माझी आई निर्धास्त झाली. गाडी लावायला जागा नाही, शेजारच्यांच्या गेटसमोर लावू नका, त्यावरनं वाद होतात.

अ‍ॅडमिशन सुरू झाली की जागा भरतात म्हणून रूम बघायला याल तेव्हाच विचारून ठेवा. एका महिन्याचे पैसे आधी द्यावे लागतात, पण त्याआधी ८० रुपयांत गेस्ट ताट घेऊन बघा, शक्यतो गुरुवारी, आणि जाताना काकूंना खाड्याची वही दाखवा म्हणा, त्या स्वतः उघडून समजावतात.