लातूरचा उन्हाळी फुटबॉल वर्ग : मैदान उत्तम, शिकवणे अर्धे

माझा मुलगा यंदा उन्हाळाभर लातूरमधील एका खासगी फुटबॉल वर्गाला जात होता. सकाळी सहाच्या आधीच मैदानावर पाणी मारलेले असते, त्यामुळे काळ्या मातीची धूळ उडत नाही. चेंडू पुरेसे असतात आणि वेळ काटेकोर पाळली जाते. एवढे श्रेय आधीच देऊन टाकतो.

दर रविवारी एखाद्या नामवंत खेळाडूवर चित्रफितींसह व्याख्यान असते. दक्षिण कोरियाच्या होंग म्युंग-बो यांच्यावरील व्याख्यानाला मीही बसलो. बचावफळीच्या मागे राहून समोरच्याचा डाव ओळखणारा आणि तिथूनच आपली चाल रचणारा हा ‘लिबेरो’, १९९० ते २००२ असे सलग चार विश्वचषक, आणि २००२ मध्ये मायदेशी ग्वांगजू येथे कर्णधार म्हणून स्पेनविरुद्ध मारलेली ती निर्णायक पेनल्टी, जिने कोरियाला उपांत्य फेरीत नेले, हे सारे सुरेख मांडले गेले. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि व्याख्यान तिथेच संपले.

माझी तक्रार याच ठिकाणी आहे : होंग पुढे प्रशिक्षक झाले, ते सांगितलेच नाही. २००९ च्या वीस वर्षांखालील संघापासून घडवलेल्या अनेक मुलांना घेऊन होंग यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानला २-० ने हरवून कांस्यपदक मिळवले. पण २०१४ च्या विश्वचषकात त्यांच्या संघाला तीन सामन्यांत एकच गुण मिळाला, क्लबकडून फारसा खेळत नसलेल्या पार्क चू-यंग यांना निवडल्याबद्दल टीका झाली आणि त्यांनी राजीनामा दिला. संघ परतला तेव्हा विमानतळावर लोकांनी ‘येओत’ ही चिकट मिठाई फेकली. कोरियात हा अपमानच समजतात. पुढे उल्सान या कोरियन क्लबला त्यांनी २०२२ मध्ये सतरा वर्षांनंतर लीगचे विजेतेपद मिळवून दिले आणि २०२३ मध्ये ते राखले.

हा उत्तरार्ध गाळण्याचे कारण मला वर्गातच दिसते : खेळता येणे वेगळे आणि शिकवता येणे वेगळे. येथील दोन्ही प्रशिक्षक चांगले खेळलेले आहेत, फ्री किक तर डोळ्यांचे पारणे फेडणारी मारतात, मात्र मुलाने समोर उभ्या बचावपटूंच्या रांगेबद्दल, म्हणजे ‘भिंती’बद्दल, “भिंतीच्या कोणत्या बाजूने मारायची, हे कसं ठरवायचं?” असे विचारले, की “माझ्याकडे बघ आणि मार” यापलीकडे उत्तर मिळत नाही. शुल्क मैदानासाठी असेल तर वाजवी आहे, शिकवण्यासाठी असेल तर जास्त. दिवाळीच्या सुट्टीतील वर्गासाठी मी अद्याप नाव नोंदवलेले नाही.