बोट येईना, परत लावा

आमचं गाव बार्शी तालुक्यात. गेल्या फेब्रुवारीत ज्वारीची काढणी चालू होती, आणि एक पोरगा मोटारसायकलवरून गावात आला. पाठीला सॅक, हातात मोबाईल, मोबाईलला जोडलेलं आगपेटीएवढं लाल काचेचं यंत्र. मारुतीच्या पारावर बसला आणि म्हणाला, पीएम किसानची केवायसी राहिली असेल त्यांनी करून घ्या, नाहीतर पुढचा 2,000 चा हप्ता अडकेल. फी 50 रुपये.

आईच्या नावावर सातबारा आहे. ती गेली. मी चिंचवडला नोकरीला, त्यामुळे पुढचं सगळं तिच्या तोंडचं.

त्यानं आधार कार्ड बघून नंबर मोबाईलमध्ये घातला आणि सहज विचारलं, "मावशी, पैसे कुठल्या बँकेत येतात?" आईनं सांगितलं. मग अंगठा. "बोट येईना मावशी, रेषा घासल्यात. पदराला पुसा, परत लावा." आईनं पुसला, लावला. "सर्व्हर डाऊन आहे. परत." असं चार वेळा. शेवटी "झालं" म्हणाला, 50 रुपये घेतले आणि वर पाणी मागून प्यायला. खुरप्यानं आणि राखेनं आईच्या बोटांच्या रेषा खरंच घासल्यात. रेशन दुकानातही तिला दोन-तीनदा अंगठा द्यावा लागतो. तिला संशय यावा तरी कशाचा?

तीन आठवड्यांनी बी-बियाण्याला पैसे काढायला ती बँकेत गेली. खात्यात तुरीची पट्टी, म्हणजे तूर विकल्याचे पैसे, जमा झालेली होती. पासबुक छापून आलं, शिल्लक 412 रुपये. एकाच तारखेला दोन नोंदी होत्या, 10,000 आणि 8,000, पुढं एईपीएस.

एईपीएस म्हणजे आधारवरून पैसे काढायची सोय. जिथं एटीएम नाही तिथं एखाद्या दुकानदाराकडं अंगठा लावून रोख मिळावी, म्हणून काढलेली. त्याला लागतं काय? आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा. ना ओटीपी, ना पिन, ना कार्ड. तिन्ही गोष्टी आईनं स्वतःच दिल्या होत्या. बँकेचा मेसेज गेला तो वडिलांच्या जुन्या नंबरवर. वडील जाऊन चार वर्षं झाली, सिम कधीच बंद पडलंय.

बँकेतला साहेब उद्धट नव्हता, पण त्याचं एकच वाक्य अजून डोक्यात आहे. "अंगठा तुमच्याच आईचा आहे, मग फसवणूक कशी म्हणायची?" एटीएमचा पिन चोरीला गेला तर पिन बदलता येतो. इथं चोरानं वापरलेली वस्तूच आईच्या संमतीचा पुरावा झाली होती. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक मी छापून नेलं. तिसऱ्याच कुणामुळं पैसे गेले आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार नाही, असं त्यात आहे. पण बँकेच्या दृष्टीनं सूचना मिळालेली होती, मेलेल्या माणसाच्या सिमवर.

त्याच 2017 साली सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा मी ऑफिसात म्हणालो होतो, ही शहरातल्या लोकांची चैन आहे, खेड्यात काय लपवायचंय! देशातलं पहिलं आधार कार्ड 2010 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, याचा तर मला अभिमानच वाटायचा.

पुरावा मिळाला तो भलत्याच ठिकाणी. आधी तालुक्याच्या आधार केंद्रात रांग लावून आईच्या आधारला माझा मोबाईल जोडला. मग आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकला की गेल्या सहा महिन्यांत आधार कुठं कुठं तपासलं गेलं त्याची यादी निघते. त्या दिवसाच्या चार नोंदी होत्या, सकाळी 11:42 ते 11:51. चारही यशस्वी. बोट एकदाही "आलं नाही" असं झालंच नव्हतं. पहिला अंगठा केवायसीचा, दुसरा शिल्लक बघायला, उरलेले दोन पैसे काढायला. शेजारच्या काकूंचाही त्यानं दुसऱ्यांदा अंगठा घेतला होता, पण खात्यात 90 रुपये बघून सोडून दिलं असावं.

ती यादी जोडून सायबर पोलिसांकडं तक्रार दिली. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी पहिलंच विचारलं, "किती तास झाले?" तास! पैसे पुढं सरकायच्या आत अडवता आले तर येतात. तक्रार अजून चालू आहे, पैसे आलेले नाहीत.

आता आईचं बायोमेट्रिक लॉक केलंय, म्हणजे तिच्या अंगठ्याला कुलूप लावलंय. आधारच्या ॲपवरून होतं, पैसे लागत नाहीत, फक्त आधारला चालू मोबाईल जोडलेला हवा. काही अडलं तर आधारच्या 1947 या हेल्पलाइनवर विचारता येतं. तुमच्या घरी म्हातारी माणसं असतील तर आजच करा, आणि बँकेत कुणाचा नंबर आहे तेही बघा. कुणी "परत लावा" म्हणालं, तर आधी पहिल्या वेळची पावती मागा.

लॉकचा त्रास आहेच. रेशनला अंगठा चालत नाही. म्हणून दर महिन्याला आई दुकानातून फोन करते, "उघड रे बाबा कुलूप." मी मीटिंगमधून बाहेर येऊन थोड्या वेळापुरतं उघडतो. गहू-तांदूळ पिशवीत पडले की ती परत फोन करते, "लाव आता."