बॅराइट काँक्रीट: चिपळूणच्या साइटवरचा अनुभव

सीटी स्कॅनच्या खोलीसाठी इथल्याच एका आरएमसी (तयार काँक्रीट पुरवणाऱ्या) प्लांटमधून बॅराइट काँक्रीट, म्हणजे बॅराइट या जड खनिजाच्या खडीचं काँक्रीट, घेतलं. आपल्या काळ्या दगडाच्या खडीचं काँक्रीट घनमीटरला साधारण 2400 किलो भरतं, बॅराइटचं 3500 च्या आसपास जातं. क्ष-किरण अडवायला वजन लागतं. आमचा पॅसेज अरुंद, जाड भिंतीला जागाच नव्हती.

खडी हातात घेऊन पाहिली. पांढुरकी, मूठभर उचलली तरी मनगटाला वजन जाणवतं. माल अस्सल. पण पहिली गाडी पातळ आली. काँक्रीट किती पातळ आहे ते तपासायचा शंकूसारखा साचा, स्लम्प कोन, उचलला तर खडी तळाला आणि कडेने नुसतं सिमेंटचं पाणी! अशी भिंत वरच्या बाजूला हलकीच राहणार, आणि पलीकडे आमचे टेक्निशियन दिवसभर बसणार. गाडी परत पाठवली. मालकांनी वाद घातला नाही. पाणी कमी करून, ड्रम अर्धाच भरून दुसरी दिली. ती छान बसली. काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर मात्र बेताने फिरवा, जास्त झाला की जड खडी खाली जातेच.

क्ष-किरणांऐवजी न्यूट्रॉन (अणूच्या गाभ्यातले कण) अडवायचे असतील तर नुसतं वजन पुरत नाही, हायड्रोजन लागतो. तिथे पाणी धरून ठेवणारा सर्पेंटाइनसारखा दगड बघा.

दर बराच चढा आहे. तरी पुढची खोली यांच्याकडूनच.