नळ्या की बाक?

बेळगावात किल्ला तलावाच्या काठी ध्वनिशिल्प, म्हणजे आवाजाचं शिल्प, करायचं झालं, तर वाऱ्यावर वाजणाऱ्या नळ्या बऱ्या की थरथरणारा बाक?

नळ्यांना वीज लागत नाही. क्रोएशियातल्या झादरला २००५ पासून लाटांनी ढकललेली हवा ३५ नळ्यांतून वाजते. आपल्याकडे आषाढात वारा सुटतो खरा, पण तो पडला की सगळं गप्प. आणि ज्याला ऐकूच येत नाही, त्याने नुसतं बघत बसायचं?

बाकाच्या फळीखाली कंप देणारं यंत्र असतं. २५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २५० कंपनांच्या आसपासची थरथर त्वचेला सगळ्यात चांगली कळते. गणपतीत ढोल जवळून गेला की छातीत धडधडतं ना, तसंच इथे पाठीला, मांडीला. वीज, पाऊस, दुरुस्ती ही कटकट आहेच. तरी माझं मत बाकाला. शेजारी व्हीलचेअरवाल्यांना हात टेकायला तसाच थरथरता कठडा हवा, आणि पाटीवर मराठी-कन्नड दोन्हींत ब्रेल.